विश्लेषण : लातूरला रेल्वे देणारे कॅलथ्रॉप हायपरलूपबद्दल काय शिकवतात?

मुंबई ते पुणे २५ मिनिटांत. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने हायपरलूपसाठी करार केला, तेव्हा ही बातमी घरोघर पोहोचली. पुढच्याच वर्षी राज्याने तो सार्वजनिक पायाभूत प्रकल्प म्हणून जाहीरही केला. प्रत्यक्षात एक खांबही उभा राहिला नाही आणि ज्या अमेरिकी कंपनीच्या तंत्रज्ञानावर सगळी भिस्त होती, ती २०२३ च्या अखेरीस बंद पडली. तरीही निर्वात नळीतून विमानाच्या वेगाने धावणाऱ्या गाडीची चित्रफीत मोबाइलवर आली की नांदेड-लातूरच्या वाचकाला प्रश्न पडतोच : आपल्याकडे हे कधी येणार? आणि आले तर परवडेल का, सुरक्षित असेल का?

या प्रश्नांचे उत्तर शोधताना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका अभियंत्याचे आयुष्य उपयोगी पडते. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हे त्यांचे नाव. लातूरला पहिली रेल्वे मिळाली ती त्यांच्या बार्शी लाइटमुळे. एक नवे वाहतूक तंत्र त्यांनी कागदावरून रुळांवर आणले. पुढे तंत्र फसले तर माणूस वाचवायचा कसा, या प्रश्नामागेही ते अनेक वर्षे लागले.

हायपरलूप म्हणजे नेमके काय?

गाडी वेगाने धावू लागली की तिला सर्वांत जास्त अडवते ती समोरची हवा. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध साधारण चौपट होतो. यावर उपाय म्हणजे गाडी बंद नळीत घालायची आणि नळीतली बहुतेक हवा पंपाने काढून टाकायची. गाडी चुंबकीय बलाने अधांतरी धरली की चाकांचे घर्षणही उरत नाही.

कल्पना जुनी आहे. रॉकेटचे जनक मानले जाणारे अमेरिकेचे रॉबर्ट गोडार्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मांडली होती. २०१३ मध्ये इलॉन मस्क यांनी तिला हायपरलूप हे नाव देऊन पुन्हा चर्चेत आणले. त्यांच्या आराखड्यात नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक हजारांश आणि वेग ताशी १२०० किलोमीटरपर्यंत होता. माणसे बसवून झालेली पहिली चाचणी नोव्हेंबर २०२० ची. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात ५०० मीटर लांबीच्या नळीत दोन प्रवाशांनी ताशी सुमारे १७२ किलोमीटरचा वेग अनुभवला. भारतात आयआयटी मद्रासने सुमारे ४०० मीटरची चाचणी नळी उभारली आहे.

थोडक्यात, तत्त्व पटण्याजोगे आहे, पण चाचण्या लहान आहेत आणि शहरे जोडणारा मार्ग जगात कुठेही सुरू झालेला नाही. १८९० च्या दशकात कॅलथ्रॉप यांची हलकी रेल्वे भारतात अशाच उंबरठ्यावर उभी होती.

कॅलथ्रॉप कोण होते?

त्यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांमध्ये ते थोरले. धाकटे बंधू गाय कॅलथ्रॉप पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले. एव्हरार्ड यांनी क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली, नंतर ग्रेट वेस्टर्न रेल्वेत काम केले आणि १८८२ मध्ये ते भारतात आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजात, इंजिनांचे निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

मुंबईहून निघालेला या कंपनीचा लोहमार्ग १८६० मध्येच सोलापूरला पोहोचला होता. मात्र मुख्य मार्गापासून ३०-४० किलोमीटर आत असलेल्या बाजारपेठांना त्याचा पुरता लाभ मिळत नव्हता. बार्शी ही त्यांपैकी एक. कापसाचा मोठा व्यापार असलेल्या या गावाला सर्वांत जवळचे स्थानक सुमारे ३५ किलोमीटरवरचे कुर्डुवाडी. त्याचे तेव्हाचे नावच बार्शी रोड होते. तिथपर्यंत माल बैलगाडीने न्यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्यांची चाके रुतली की व्यापार थंडावायचा.

अशा गावासाठी ब्रॉडगेज टाकणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. स्वस्त रेल्वे टाकता येईल का, हा प्रश्न कॅलथ्रॉप यांनी हाती घेतला.

स्वस्त रेल्वेचे गणित कसे जुळवले?

ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर असते. कॅलथ्रॉप यांनी निवडले ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. रूळ जवळ आले की भराव कमी लागतो, पूल लहान होतात, गाडी तीव्र वळणे घेऊ शकते, त्यामुळे डोंगर फोडण्याचा खर्चही वाचतो.

पण अरुंद रेल्वे म्हणजे खेळण्यातली गाडी, असा तेव्हा समज होता. माल थोडा आणि डबे डगमगणारे. कॅलथ्रॉप यांनी याचे मूळ शोधले ते रुळावर पडणाऱ्या भारात. इंजिन जड आणि वाघिणी हलक्या असल्या की सगळा मार्ग त्या एका जड इंजिनासाठी मजबूत करावा लागतो आणि पैसा तिथेच जातो. म्हणून त्यांनी नियम केला की इंजिन असो वा वाघीण, एका आसावर ५ टनांहून जास्त भार नको. भार जास्त असेल तर आस वाढवायचे. इंजिनाला चार जोडलेले चालक आस दिले. वाघिणी दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याच्या आणि सुमारे २५ फूट लांबीच्या केल्या. त्यामुळे मीटरला जेमतेम १५ किलो वजनाच्या रुळांवरून भरपूर माल जाऊ लागला.

हे कागदावर मांडून ते थांबले नाहीत. गाड्या भारतात पाठवण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे त्यांनी चाचणीचा मार्ग टाकला आणि संपूर्ण पद्धत चालवून दाखवली.

तरीही वाट सोपी नव्हती. बार्शीचा प्रस्ताव १८८० च्या दशकातला, लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली १८९५ मध्ये आणि पहिली गाडी धावली १८९७ मध्ये. मधली वर्षे परवानग्या आणि भांडवल मिळवण्यात गेली.

लातूरला गाडी केव्हा आली?

बार्शीचा मार्ग चालतो आहे हे दिसल्यावर विस्तार सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची मोठी सोय झाली. पूर्वेकडे मार्ग निजाम राज्याच्या हद्दीत शिरला आणि १९११ मध्ये लातूरला आला. १९२७ मध्ये दुसरे टोक मिरजेला भिडले आणि सुमारे ३२५ किलोमीटरची सलग नॅरोगेज रेल्वे तयार झाली.

तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव होते. आजूबाजूच्या मुलखातला भुसार माल आणि कापूस इथे येई. रेल्वेमुळे तो थेट कुर्डुवाडीला आणि तिथून मुंबईला जाऊ लागला. लातूरची आडत बाजारपेठ वाढण्यात या रेल्वेचा वाटा मोठा आहे. लोकांनी गाडीला बार्शी लाइट म्हणूनच ओळखले. कंपनी १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली तरी ते नाव टिकले.

मग अडचण कुठे होती?

अडचण कुर्डुवाडीला होती. नॅरोगेजची वाघीण ब्रॉडगेजवर जाऊ शकत नाही. लातूरहून आलेले प्रत्येक पोते तिथे उतरवायचे आणि दुसऱ्या गाडीत चढवायचे. वेळ जायचा, हमाली वाढायची, नासधूस व्हायची. प्रवाशांनाही गाडी बदलावी लागे.

कॅलथ्रॉप यांना हा दोष ठाऊक होता. इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी रेल्वेवर त्यांनी उपाय करून पाहिला. मोठ्या मार्गावरची वाघीण जशीच्या तशी उचलून नेणारी खास वाहक वाघीण त्यांनी तिथे वापरली. युक्ती चालली, पण मार्गाला पुरेसा माल मिळाला नाही आणि ती रेल्वे १९३४ मध्ये बंद झाली.

मराठवाड्याने या दोषाची किंमत दीर्घकाळ मोजली. लातूरला नॅरोगेज होते, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद-मनमाड मार्ग झाल्यावर नांदेड, परभणी आणि औरंगाबाद या गावांना मीटरगेज मिळाले. ब्रॉडगेज होते ते मनमाडला. मुंबईला माल पाठवायचा तर कुठे ना कुठे गाडी बदलणे भाग होते. रुंदीकरणासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेला आंदोलने करावी लागली. १९९० च्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज पुढे सरकले. लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद व्हायला २००८ उजाडले.

रुंदीकरणाचे मोल लातूरला आठ वर्षांत कळले. एप्रिल २०१६ मध्ये शहराचे पाणी आटले, तेव्हा मिरजेहून जलदूत ही पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेत १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले, पुढे ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. मिरज-कुर्डुवाडी-लातूर ही वाट ढोबळमानाने बार्शी लाइटचीच. पण टाक्यांच्या वाघिणी राजस्थानातील कोटा येथून स्वच्छ करून आल्या होत्या. मार्ग नॅरोगेजच राहिला असता तर त्या वाघिणी लातूरपर्यंत पोहोचूच शकल्या नसत्या.

रेल्वेचा अभियंता पॅराशूटकडे का वळला?

१२ जुलै १९१० रोजी इंग्लंडमधील बोर्नमथ येथे हवाई कसरतींच्या वेळी चार्ल्स रोल्स यांचे विमान कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. रोल्स-रॉइस कंपनीचे हे सहसंस्थापक कॅलथ्रॉप यांच्या स्नेहातले होते. विमान तेव्हा नवे होते आणि हवेत काही बिघडले तर वैमानिकाजवळ सुटकेचे साधन नव्हते.

पन्नाशी ओलांडलेल्या कॅलथ्रॉप यांनी त्यानंतर पॅराशूटवर काम सुरू केले. त्यांच्या पॅराशूटचे नाव गार्डियन एंजल, म्हणजे रक्षक देवदूत. घडी घातलेली छत्री विमानाला लावलेल्या डब्यात असे. माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने ती बाहेर ओढली जाऊन उघडे. त्याला स्वतः काही करावे लागत नसे.

पहिले महायुद्ध पेटले आणि वैमानिक मरू लागले. कॅलथ्रॉप यांनी आपले साधन ब्रिटिश लष्करापुढे ठेवले. चाचण्या झाल्या. शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेले थॉमस ऑर्ड-लीज यांनी १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून या पॅराशूटसह उडी मारून दाखवली. शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी लष्कराने ते वापरले. मात्र लढाऊ विमानांच्या वैमानिकांना युद्ध संपत येईपर्यंत पॅराशूट मिळाले नाही. वजन आणि जागा यांची अडचण होती, डब्यातून निघणारी छत्री विमानाच्या शेपटीत अडकण्याचा धोकाही होता. तोवर, १९१८ मध्ये, जर्मन वैमानिक पॅराशूट घेऊन उडू लागले होते.

वेगाचे यंत्र आधी आले आणि सुटकेचे साधन मागाहून. या मधल्या काळात अनेक तरुण वैमानिक मेले.

कॅलथ्रॉप यांना घोड्यांचाही नाद होता. लंडनजवळच्या घरी ते अरबी घोडे पाळत. घोड्याला मारझोड न करता मैत्रीने कसे शिकवावे, यावर त्यांनी १९२० मध्ये पुस्तक लिहिले. ३० मार्च १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. बार्शी लाइट मिरजेला पोहोचली ते हेच वर्ष.

हायपरलूपला हीच कसोटी लावली तर?

बार्शी लाइटची एक अडचण होती ती दुसऱ्या मार्गाशी न जुळण्याची. हायपरलूपमध्ये ती कितीतरी मोठी आहे. नळीतली गाडी कोणत्याही रुळावर धावणार नाही आणि रुळावरची गाडी नळीत शिरणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नळ्यांची मापेही सारखी नाहीत. दोन शहरांमधला वेळ वाचला तरी दोन्ही टोकांना उतरणे, सामान बदलणे आणि पुढची गाडी पकडणे आलेच.

वहनक्षमतेचा हिशेबही पाहायला हवा. मस्क यांच्या मूळ आराखड्यात एका डब्यात २८ प्रवासी होते आणि सरासरी दर दोन मिनिटांनी एक डबा सुटणार होता. म्हणजे तासाला ८४० प्रवासी. आपली एक भरलेली एक्स्प्रेस याहून जास्त माणसे नेते. कॅलथ्रॉप यांच्या गणितात खर्च बाजारपेठेच्या कुवतीत बसवला होता. हायपरलूपच्या गणितात थोड्या प्रवाशांवर मोठा खर्च पडतो.

जमिनीचा प्रश्न वेगळाच. ताशी हजार किलोमीटर वेगाने वळण घ्यायचे तर त्याची त्रिज्या अनेक किलोमीटरची हवी, नाहीतर प्रवासी बाजूला फेकले जातील. बार्शी लाइट टेकडीला वळसा घालू शकत होती, नळीला तो मार्ग नाही. वाटेत कोणाची विहीर वा बाग आली तरी आखणी सहज बदलता येणार नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाला शेतकऱ्यांनी केलेला विरोध ताजा असताना हा मुद्दा लहान म्हणता येणार नाही.

अपघात झाला तर काय होईल?

इथे पॅराशूटचा धडा लागू पडतो. निर्वात नळीवर बाहेरची हवा दर चौरस मीटरला सुमारे १० टनांचा दाब देत असते. नळीला मोठे भगदाड पडले तर हवा प्रचंड वेगाने आत घुसेल. नळीत गाडी थांबली तर प्रवासी दार उघडून बाहेर पडू शकत नाहीत, कारण बाहेर श्वास घ्यायला हवाच नाही. आधी तेवढ्या भागात हवा भरायची, मग जवळच्या सुटकेच्या दारापर्यंत लोकांना न्यायचे, हे सगळे काही मिनिटांत व्हायला हवे. डब्यालाच गळती लागली तर वेळ आणखी कमी.

मराठवाड्यासाठी दोन गोष्टी खास लक्षात घ्याव्या लागतील. पहिली उन्हाची. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर १०० किलोमीटरची पोलादी नळी, मोकळी सोडल्यास, सुमारे ३६ मीटरने वाढते. हे प्रसरण सामावून घेणारे सांधे हवेत आणि त्यांतून हवा झिरपताही कामा नये. इंग्लंडमध्ये ब्रुनेल या नामांकित अभियंत्याने १८४७-४८ मध्ये हवेच्या दाबावर चालणारी रेल्वे सुरू केली होती. नळीच्या फटीवरची चामड्याची पट्टी हवा अडवू शकली नाही आणि तो प्रयोग वर्षभरात गुंडाळावा लागला. आजचे साहित्य चामड्याहून चांगले आहे, पण शेकडो किलोमीटर लांबीची नळी वर्षानुवर्षे निर्वात ठेवणे अजून कोणी करून दाखवलेले नाही.

दुसरी गोष्ट भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने जे भोगले ते लातूर जिल्हा विसरलेला नाही. जमीन हादरली तर खांबांवरची नळी किती हलेल आणि आतली गाडी किती वेळात थांबेल, हे आधी सिद्ध व्हायला हवे.

मग नांदेड-लातूरकरांनी काय मागावे?

नांदेड आणि लातूर यांच्यात आजही थेट लोहमार्ग नाही. रेल्वेने जायचे तर परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडतो. लोहामार्गे नांदेड-लातूर रोड मार्गाची मागणी जुनी आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम वर्षानुवर्षे सुरू आहे. दुसरीकडे लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला असून शयनयान वंदे भारत गाड्या बांधण्यासाठी त्याची निवड झाली आहे. ज्या जिल्ह्यात बार्शी लाइटचे डबे अनेक पिढ्या खडखडले, तिथे देशासाठी डबे घडणार आहेत.

याचा अर्थ हायपरलूपवर संशोधन नको असा नाही. १८९० च्या दशकात कॅलथ्रॉप यांनाही अनेकांनी वेड्यात काढले असते, आणि त्यांनी हट्ट सोडला असता तर लातूरला गाडी यायला आणखी उशीर झाला असता. पण त्यांनी खर्च गावाच्या कुवतीत बसवला आणि गाड्या भारतात पाठवण्यापूर्वी चाचणीचा मार्ग चालवून दाखवला. ज्या ठिकाणी त्यांची पद्धत कमी पडली, म्हणजे कुर्डुवाडीच्या फलाटावर, तिथला भार मात्र लातूरने जवळपास शंभर वर्षे उचलला.

म्हणून नव्या गाडीचे स्वप्न घेऊन कोणी दारात आले तर तीन गोष्टी विचाराव्यात. ही गाडी आपल्या आहे त्या मार्गाला कुठे जोडली जाणार? तिकीट आणि कर्ज यांचा भार कोण उचलणार? आणि मध्येच बिघाड झाला तर आतल्या माणसाला बाहेर कसे काढणार? तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तर चर्चा पुढे न्यायला हरकत नाही. तोपर्यंत लोह्याच्या मार्गाचा पाठपुरावा सोडू नये.